लग्नाला परदेशातून पाहुणे येताहेत? इंदूरहून त्यांना कुठे, कधी आणि कसं फिरवाल

गेल्या हिवाळ्यात भाचीचं लग्न इंदुरात झालं. जावयांच्या ऑफिसमधले सहा जण जर्मनीहून, भाचीच्या कॉलेजच्या तीन मैत्रिणी अमेरिकेतून आणि आमचा चुलतभाऊ बायकामुलांसह सिंगापूरहून आला होता. बहिणीने पत्रिका छापायला दिल्या त्याच दिवशी मला सांगितलं, "मांडव, आचारी, भटजी आम्ही बघतो. बाहेरच्या पाहुण्यांचं तू बघ." ते काम मी मनापासून केलं, कारण त्याआधी एकदा ते आमच्याकडून बिघडलं होतं. मामेबहिणीच्या लग्नात आम्ही पाहुण्यांना भाड्याच्या गाडीत बसवून दिलं, सोबत घरचं कोणी पाठवलं नाही, आणि ओंकारेश्वर व महेश्वर एकाच दिवसात उरकायला सांगितलं. तेही हळदीच्या दिवशी. पाहुणे रात्री अकराला परतले. हळद वाळून गेली होती आणि त्यांच्यासाठी आणलेले पिवळे कुर्ते घडी न मोडता तसेच पडून होते. हजारो किलोमीटर उडून आलेल्या माणसांची हळद आमच्या नियोजनामुळे चुकली, याची रुखरुख अजून जात नाही.

म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. इंदुरात किंवा आसपास ज्यांच्या घरी कार्य आहे, त्यांच्यासाठी.

आधी पत्रिका समोर ठेवा, मग नकाशा

एका कागदावर कार्यक्रमांच्या वेळा लिहा: मेंदी, हळद, सीमांत पूजन, मुहूर्त, स्वागत समारंभ, दुसऱ्या दिवशीचा सत्यनारायण. ज्या कार्यक्रमांना पाहुणे हवेतच, त्यांच्याभोवती लाल पेनाने गोल करा. मधे जे मोकळे तास उरतात तेच आपले. आमच्याकडे ठरलेला नियम असा: लांबची सहल हळदीच्या निदान एक दिवस आधी, हळदीच्या दिवशी फक्त शहर आणि तेही दुपारपर्यंत, लग्नाच्या दिवशी काहीही नाही. लग्नाचा दुसरा दिवस मात्र सोन्यासारखा असतो. घरचे सगळे दमलेले असतात, हॉलचा हिशोब चाललेला असतो, आणि पाहुणे मोकळे बसलेले असतात. दुसरी लांबची सहल त्या दिवशी ठेवा.

एका दिवसात एकच दिशा. महेश्वर आणि मांडू एकमेकांपासून साधारण ४० किलोमीटरवर आहेत, त्यामुळे गाडीवाले दोन्ही एका दिवसात दाखवतो म्हणतात. दाखवतात खरं, पण दोन्हीकडे अर्धवट. दोन्ही करायचंच असेल तर महेश्वरला एक मुक्काम करा.

महिनाभर आधी विचारायच्या गोष्टी

पाहुण्यांना एक छोटा निरोप पाठवा. गुडघ्यांचा त्रास आहे का, दगडी पायऱ्या चढता येतील का? कशाची अॅलर्जी आहे? आमच्या एका पाहुणीला शेंगदाणे चालत नव्हते. आपल्या साबुदाणा खिचडीपासून चटणीपर्यंत सगळीकडे दाण्याचं कूट असतं, त्यामुळे हे आधी कळलं ते फार बरं झालं. लहान मुलं आहेत का, गाडीत त्यांची वेगळी सीट लागेल का?

आणि पासपोर्ट कुठला आहे, ओसीआय कार्ड (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) आहे का, तेही विचारा. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांवर परदेशी नागरिकांचं तिकीट आपल्या कित्येक पट असतं. ओसीआय कार्ड असलेल्यांना मात्र भारतीयांचाच दर लागतो. आमच्या सिंगापूरच्या वहिनींनी कार्ड हॉटेलच्या तिजोरीत ठेवलं होतं. तसं होऊ देऊ नका, कार्ड बरोबर घ्यायला सांगा.

झोपेचं गणित

सगळ्या परदेशी पाहुण्यांना एकाच वेळापत्रकात बसवायला जाऊ नका. युरोपचं घड्याळ आपल्या साडेतीन-साडेचार तास मागे आहे. तिकडच्या माणसाला पहिले दोन-तीन दिवस इथली सकाळ नको वाटते आणि रात्री बारालाही तो टक्क जागा असतो. त्याला पहिल्याच रात्री सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात न्या. अमेरिकेहून आलेल्यांचे दिवसरात्रच उलटे झालेले असतात; पहाटे तीनला डोळे उघडतात आणि दुपारी चारला मान लवंडते. त्यांच्यासाठी पहाटेची उज्जैन, सकाळचे पोहे, आणि दुपारी सक्तीची झोप. सिंगापूर, जपान, ऑस्ट्रेलियावाले आपल्या पुढे असतात, ते लवकर उठतात आणि रात्री लवकर ढेपाळतात. त्यांना सकाळचा राजवाडा द्या, सराफा शेवटच्या दिवसावर ढकला.

एवढं सांभाळलं तरी निम्मी चिडचिड टळते.

शहर: अर्धा दिवस आणि एक रात्र

सकाळी पोहे-जिलबीने सुरुवात करा. आपले घरचे कांदेपोहे आणि इंदुरी पोहे यांतला फरक पाहुण्यांना नक्की सांगा. इथे पोहे वाफेवर ठेवलेले असतात, वरून शेव, कांदा, डाळिंबाचे दाणे आणि जीरावन नावाचा मसाला. जीरावन आधी चिमूटभरच घालायला सांगा.

मग राजवाडा. सात मजली दरवाजाकडे बोट दाखवून सांगायची गोष्ट म्हणजे खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे आहेत. समोरच्या बागेत उभं राहिलं की ती रेघ स्पष्ट दिसते. १९८४ च्या दंगलीत वाड्याला आग लागली, मागचा भाग नंतर उभारला. आत मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहे. आपल्याकडे लग्नानंतर जागरण-गोंधळ का घालतात, जेजुरीचा खंडोबा आणि होळकर यांचं नातं काय, हे तिथेच सांगून टाका. संध्याकाळी संबळ वाजेल तेव्हा पाहुण्यांना ओळखीचं वाटेल. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर कान्ह नदीकाठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या (होळकरांची समाधिस्मारकं) आहेत, आणि सेठ हुकुमचंदांनी बांधलेलं काच मंदिरही जवळच.

लालबाग राजवाडा वेगळ्या दिशेला आहे, त्याला दोन तास द्या. १८८६ साली काम सुरू झालं ते १९२१ पर्यंत टप्प्याटप्प्याने चाललं. फाटक लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाच्या धर्तीवर केलेलं आहे. सरकारी वास्तू आणि संग्रहालयांना बहुधा सोमवारी सुट्टी असते, शिवाय दुरुस्तीसाठी एखादा भाग बंद असू शकतो. आदल्या दिवशी घरातल्या एखाद्या मुलाला स्कूटरवर पाठवून खात्री करून घ्या.

पाहुण्यांत जर्मन किंवा कलेची आवड असलेलं कोणी असेल तर गाडीत माणिकबागेची गोष्ट अवश्य सांगा. १९३० च्या दशकात दुसऱ्या यशवंतराव होळकरांनी एकार्ट मुथेसियस नावाच्या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून हा राजवाडा अगदी आधुनिक पद्धतीने करून घेतला. ब्रांकुशीसारख्या शिल्पकाराची शिल्पं घेणारा हा राजा होता. आज तिथे सरकारी कार्यालय आहे, आत जाता येत नाही. पण आमच्या जर्मन पाहुण्यांनी हे नाव इंदुरात पहिल्यांदा ऐकलं आणि पुढचा अर्धा तास गाडीत दुसरा विषय नव्हता.

रात्री सराफा. दिवसा सोन्या-चांदीची पेढी, दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात. साडेनऊच्या आत गेलात तर रंगत नसते, शनिवार-रविवारी गेलात तर चालायला जागा नसते. मंगळवार-बुधवारची रात्र उत्तम. पाहुण्यांना तव्यावरचं, कढईतलं, डोळ्यांसमोर तयार होणारंच द्या: मक्याचा कीस, खोबऱ्याचा पॅटिस, गरम जिलबी, हिवाळ्यात तळलेले गराडू. हिरव्या पातळ चटण्या, कापून ठेवलेली फळं, बर्फ हे टाळा. शिकंजी म्हणजे लिंबू सरबत असं वाचून आलेले असतात. इंदूरची शिकंजी दुधाची, घट्ट, सुक्या मेव्याची असते. ज्यांना दूध चालत नाही त्यांना आधीच सांगा. तीन-चार जणांत एकच प्लेट घ्या, म्हणजे पाचव्या गाडीपर्यंत पोटात जागा राहते. गर्दीत हरवल्यास भेटायची जागा ठरवा आणि तिचा फोटो सगळ्यांच्या फोनवर पाठवून ठेवा.

महेश्वर: एकच सहल करायची असेल तर ही

इंदूरहून सुमारे ९० ते ९५ किलोमीटर. दोन वाटा आहेत. एक महामार्गाने मानपूर, धामनोदवरून. दुसरी महूवरून जाम गेट करून मंडलेश्वरला उतरणारी. जाम गेट अहिल्याबाईंच्या काळातलं, १७९१ चं. विंध्याच्या कड्यावर उभं राहून खाली अख्खं निमाड दिसतं. जाताना सकाळच्या उजेडात जाम गेटने जा, परत येताना अंधार पडलेला असतो म्हणून महामार्गाने या. उलटं करू नका, घाटरस्ता रात्रीचा नाही.

सहाला निघालात तर साडेआठ-नऊपर्यंत किल्ल्यात पोहोचता. सकाळी वाड्यात लिंगार्चन चालतं: ब्राह्मण पाटांवर काळ्या मातीची इवलीशी शिवलिंगं रांगेने मांडतात, पूजा होते आणि मग ती नर्मदेत विसर्जित करतात. अहिल्याबाईंच्या काळापासूनचा हा परिपाठ आहे. पाहुण्यांना बाजूला शांत बसवा. पूजेचे फोटो विचारूनच. शेजारी अहिल्याबाईंची राजगादी आहे. १७६७ ते १७९५ असा जवळजवळ अठ्ठावीस वर्षं इथून कारभार केलेल्या राणीची ही बैठक किती साधी आहे, हे पाहुण्यांना स्वतःहूनच दिसतं. आमच्यातल्या एकीने विचारलं, "सिंहासन कुठे आहे?" मी म्हटलं, "हेच." ती बराच वेळ तिथून हलली नाही.

तिथून अहिल्येश्वराचं देऊळ आणि विठोजीराव होळकरांची छत्री बघून पायऱ्यांनी घाटावर उतरता येतं. पायऱ्या उंच आहेत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना गाडीने खालच्या रस्त्याने घाटाजवळ आणा.

दुपारचा वेळ विणकरांकडे घालवा. हे मी पुन्हा पुन्हा सांगेन, कारण आमच्या सगळ्या फिरण्यात यापेक्षा मोलाचं दुसरं काही झालं नाही. महेश्वरी साडीत आज बहुधा ताणा (उभा धागा) रेशमाचा आणि बाणा (आडवा धागा) सुती असतो, म्हणून ती अंगावर हलकी आणि तरी चमकदार दिसते. काठांची नक्षी किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांवरून उचललेली आहे: चटई, विटा, हिरा, चमेलीचं फूल. पाहुण्यांना आधी किल्ल्याच्या भिंतीवरची चटई दाखवायची आणि मग मागावरची. १९७८ साली सुरू झालेल्या रेवा सोसायटी या विणकर संस्थेचे माग किल्ल्यालगत बघता येतात. गावात घरोघरीही माग आहेत, विचारलं तर बहुतेक जण आनंदाने बोलावतात.

अमेरिकेच्या मैत्रिणींपैकी एक मागाशेजारी जमिनीवर मांडी घालून बसली. विणकर बाईंनी तिच्या हातात धोट्याची, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या लाकडी नळीची, दोरी दिली. पहिल्या ओढीला धोटा मधेच अडकला. दुसऱ्यांदा बाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवून झटका दिला आणि धोटा खट्कन पलीकडे गेला. मग फणी ठोकली. अर्धा तास झाला तेव्हा बोटभर कापडही पुढे सरकलं नव्हतं. तिने साडीची लांबी विचारली, मनात हिशोब केला आणि गप्प झाली. दोन दिवसांनी सीमांत पूजनाला माझी बहीण जांभळ्या काठाची महेश्वरी नेसून उभी होती. त्या मुलीने काठ हातात घेतला, उलटा करून बघितला, कारण दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा काठ ही महेश्वरीची खूण तिला बाईंनी सांगितली होती, आणि म्हणाली, "मावशी, हे हिरे आहेत ना?" मंडपातल्या आमच्या अर्ध्या बायकांनाही ते ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी नाव करा. नदीच्या मधोमध बाणेश्वराचं छोटं देऊळ आहे, तिथपर्यंत जाऊन या. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कोणाला बसू देऊ नका, नावाडी "काही होत नाही" म्हणाला तरी. उन्हं उतरल्यावर किल्ल्याचा तट सोनेरी होतो. नर्मदेची आरती करून साडेसातला निघालात तर दहापर्यंत इंदूर.

एक गोष्ट आधी सांगून ठेवा: १ एप्रिल २०२५ पासून महेश्वर, मंडलेश्वर, ओंकारेश्वर, उज्जैन अशा मध्य प्रदेशातल्या १९ धार्मिक ठिकाणी दारूबंदी आहे. घाटावर बसून बिअर प्यायची कल्पना मनात असलेल्यांची पंचाईत होऊ नये.

मांडू: लग्नाच्या दुसऱ्या दिवसासाठी

इंदूरहून धारमार्गे सुमारे १०० किलोमीटर, अडीच तास धरा. इथे क्रम महत्त्वाचा. सकाळी जहाज महाल. कपूर तलाव आणि मुंज तलाव यांच्या मधली ही लांबलचक इमारत, दोन्हीकडे पाणी असलं की खरोखर नांगरलेल्या जहाजासारखी दिसते. गच्चीवर गोगलगायीसारखी वेटोळी घेतलेली पाण्याची पन्हाळ आहे, ती मुलांना दाखवा. पण मुलांचा हात सोडू नका. कित्येक ठिकाणी कठडा नाही. शेजारचा हिंडोला महाल त्याच्या तिरक्या भिंतींमुळे लक्षात राहतो.

ऊन चढलं की गावाच्या मध्यभागी होशंगशाहाची कबर आणि जामी मशीद. कबरीचा संगमरवर थंड असतो, दुपारी तिथे बरं वाटतं. १६५९ साली शाहजहानच्या पदरचे वास्तुकार ती बघायला आले होते, तसा लेख दारावर कोरलेला आहे. ताजमहाल बघून आलेल्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते त्या घुमटाकडे वेगळ्या नजरेने बघतात.

जेवणात दाल-पानिये मागा: मक्याच्या पिठाचे, पानांत लपेटून गोवऱ्यांवर भाजलेले. तीननंतर बाजबहादूरचा महाल आणि मग दक्षिणेच्या टोकाला रूपमतीचा मंडप. तिथून निमाडचं मैदान कितीतरी खाली पसरलेलं दिसतं आणि हवा स्वच्छ असेल तर नर्मदेची बारीक रेघ. तिकिटं एकापेक्षा जास्त ठिकाणी वेगवेगळी लागतात, आधीची फेकून देऊ नका.

रस्त्याकडेला बायका मोठाली, मखमली सालीची फळं विकतात. ही गोरखचिंच, इथल्या भाषेत खुरासानी इमली किंवा मांडूची इमली. झाड मूळचं आफ्रिकेतलं, खोड इतकं जाड की चार-पाच माणसांनी हात जोडले तरी पुरे पडत नाही. फळ फोडलं की आत पांढरा, पिठूळ, आंबट गर. एक फोडून सगळ्यांनी चाखायचं. एखादं आख्खं फळ परदेशी नेता येईल असं समजू नका, बहुतेक देश फळं-बिया विमानतळावरच काढून घेतात.

उज्जैन, ओंकारेश्वर, महू

उज्जैन जेमतेम ५५ किलोमीटर. महाकाल मंदिरातली भस्म आरती बघायची असेल तर आधी नोंदणी लागते, परदेशी पाहुण्यांना पासपोर्ट दाखवावा लागतो. जवळून दर्शनासाठी पुरुषांना सोवळं-धोतर आणि बायकांना साडी. मध्यरात्रीच निघायचं असल्यामुळे पहाटे तीनला जागे असलेल्या अमेरिकावाल्यांनाच न्या, बाकीच्यांना झोपू द्या. शनिवार, रविवार, सोमवार टाळा. श्रावणात तर नाहीच. २०२८ च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, रस्त्याला जास्तीचा एक तास धरा.

ज्यांना देवळांतली गर्दी झेपत नाही त्यांना सवाई जयसिंगांची वेधशाळा दाखवा. उन्हात सम्राट यंत्राची सावली बघून वेळ काढायची आणि मनगटी घड्याळाशी ताडून बघायची. उज्जैनची सूर्याची वेळ आपल्या प्रमाणवेळेच्या सरासरी २७ मिनिटं मागे असते, ऋतूनुसार आणखी थोडा फरक पडतो. आमचे जर्मन इंजिनियर इथून निघायलाच तयार नव्हते.

ओंकारेश्वर सुमारे ८० किलोमीटर. भाविक पाहुण्यांसाठी जरूर, फक्त बघायला येणाऱ्यांना महेश्वरच द्या. धरणातून पाणी सोडलं की नदीची पातळी झपाट्याने वाढते, घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर कोणाला थांबू देऊ नका.

अर्धाच दिवस हातात असेल तर महू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ ला इथे झाला. स्मारक शांत आहे, तासाभरात नीट बघून होतं. जवळचा पातालपाणी धबधबा पावसाळ्यातला. लग्नसराईत बहुतेक वेळा त्याची नुसती बारीक धार उरलेली असते, तेवढ्यासाठी जाऊ नका.

लग्न एप्रिल-मे मधलं असेल तर मांडू पूर्ण काढून टाका. पारा चाळिशीपार जातो आणि देवळात-घाटावर अनवाणी पाय भाजतात. उन्हाळ्यात फक्त पहाटेचं महेश्वर, दुपारी बारापर्यंत घरात.

गाडी, पैसे, सोबत

प्रत्येक गाडीत घरचं एक माणूस हवंच, ज्याला पाहुण्यांशी बोलता येतं आणि ज्याच्यावर त्या दिवशी लग्नाचं दुसरं काम नाही. कॉलेजात शिकणारे भाचे-पुतणे यासाठी उत्तम. चालकाशी भाडं, टोल, पार्किंग, जेवण आणि परतीची वेळ आदल्या दिवशीच लिहून ठरवा.

तिकिटं तुमच्या फोनवरून काढा. ओटीपी भारतीय नंबरवरच येतो आणि पाहुणे तिथे अडकतात. विणकराला, नावाड्याला, फळवालीला द्यायला प्रत्येकाकडे दहा, वीस, पन्नासच्या नोटा द्या. गाडीत बंद बाटल्यांचं पाणी, ओआरएसची पाकिटं, टिश्यू, हात धुवायचा साबण, एक जास्तीची ओढणी आणि पायमोजे ठेवा. पायमोज्यांचं महत्त्व दुपारच्या दगडावर कळतं.

हळदीच्या दिवशी शहरातून फिरून आलात की पाहुण्यांना दुपारी दोनलाच हॉटेलवर सोडा, पिवळे कपडे त्यांच्या खोलीत आधीच ठेवलेले असू द्या.

परत जाताना जीरावन आणि शेव द्यायचीच असते. जीरावन मसाल्याची पूड आहे, सुटी बांधून हातातल्या बॅगेत दिली तर तपासणीत थांबवतात. दुकानातलं सीलबंद, नाव छापलेलं पाकीट घ्या आणि ते मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मधे ठेवायला सांगा.